बुलेटची क्लच केबल पुन्हा पुन्हा तुटत असेल तर आधी तुटलेलं टोक बघा

दीड वर्षात माझ्या बुलेटची क्लच केबल चार वेळा तुटली. पहिल्यांदा शिरगावला, लईराईच्या जत्रेत, गर्दीतून पहिल्या गिअरवर गाडी सरकवत असताना. दुसऱ्यांदा डिचोलीच्या बाजारात. तिसऱ्यांदा म्हापशाहून परतताना अस्नोड्याच्या पुढे आणि चौथ्यांदा चोर्ला घाटात, भर पावसात, बायको मागे बसलेली असताना. चारही वेळा नवी केबल आणली, घातली आणि कामाला लागलो. पहिल्या दोन तुटक्या केबली मी फेकून दिल्या. तिसरी आणि चौथी सुदैवाने बाजूच्या पेटीत राहून गेल्या, आणि त्यांच्यामुळेच खरं दुखणं सापडलं.

गाडी १९७८ ची, साडेतीनशेची, जीडी नंबरची, म्हणजे गोवा, दमण आणि दीव एकत्र होते तेव्हाची. बाबांनी ती म्हापशात पायलट म्हणून चालवली. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, इथे भाड्याने प्रवासी नेणाऱ्या मोटारसायकलवाल्याला पायलट म्हणतात आणि पिवळा मडगार्ड ही त्याची ओळख. १९८६ च्या जुलैत मांडवीचा पूल कोसळला, तेव्हा बाबा दिवसभर माणसांना बेतीच्या फेरीधक्क्यावर पोचवत असत. धक्क्याच्या उतारावर खारं पाणी उडायचं. संध्याकाळी घरी आल्यावर ते दोन्ही लिव्हरवर गोड पाणी ओतायचे, फडक्याने पुसायचे आणि लिव्हरच्या बोल्टवर तेलाचा एक थेंब सोडायचे. पाऊस लागण्याआधी, मे महिन्यात, दोन्ही केबली उतरवून तेल पाजायचे. ही सवय मी सोडली होती. तिसऱ्या केबलीपर्यंत तिची मला आठवणही झाली नव्हती.

चौथ्या वेळेनंतर दोन्ही तुटक्या केबली घेऊन मी म्हापशातल्या एका जुन्या फिटरकाकांकडे गेलो. त्यांनी आयुष्यभर लेथवर काम केलं आहे. त्यांनी टोकं उजेडात धरून बघितली आणि म्हणाले, "केबल आपूण जावन तुटना रे. तिका कोण तरी तोडटा. तो कोण ताचो सोद घे." केबल आपणहून तुटत नाही, तिला कोणीतरी तोडतं. पुढे जे लिहितो आहे तो त्या शोधाचा हिशेब आहे. सगळी मापं माझ्या गाडीची आहेत. तुमच्या गाडीवर ती स्वतः घेऊन बघा.

तुटलेलं टोक काय सांगतं

क्लचची आतली तार म्हणजे बारीक पोलादी पदरांचा पीळ. तो सहसा एका झटक्यात तुटत नाही. एकेक पदर तुटत जातो, उरलेल्यांवर भार वाढतो आणि एक दिवस शेवटचे पदर एकदम जातात. त्यामुळे तुटलेल्या टोकाशी सगळा इतिहास शिल्लक असतो. भिंग असेल तर उत्तम, नाहीतर मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठं करून बघा.

तार हँडलकडच्या निपलच्या, म्हणजे तिच्या टोकाला लिव्हरमध्ये अडकणाऱ्या धातूच्या गोळीच्या, अगदी तोंडाशी तुटली असेल, पदर फुलासारखे पसरले असतील आणि काहींची टोकं जुनी काळपट, काहींची नवी चकचकीत असतील, तर निपल लिव्हरच्या भोकात फिरत नाही. हे सगळ्यात जास्त आढळणारं कारण, आणि माझ्या तिसऱ्या केबलीचंही तेच. लिव्हर दाबताना ती एका कोनात वळते, पण केबल आपल्या दिशेलाच राहते. म्हणून निपलने भोकात तेवढाच कोन उलटा फिरायला हवा. भोक गंजलं, रंगाने भरलं किंवा निपल जरा जाड निघाला की तो लिव्हरबरोबर वळतो, आणि प्रत्येक दाबाला तार निपलच्या तोंडाशी मुडपते. तार हाताने पुढेमागे वाकवून तोडतो तसंच हे. डिचोलीहून पणजीला जाऊन येईपर्यंत क्लच शंभरावर वेळा दाबला जातो. अशी तार किती दिवस टिकणार?

तोंडापासून इंच-दोन इंच खाली तुटली असेल आणि तिथे तार एका बाजूने चपटी, घासलेली असेल, तर ती अॅडजस्टरच्या, म्हणजे केबलचा ताण कमीजास्त करणाऱ्या स्क्रूच्या, तोंडाला घासते आहे. याचं मूळ बहुतेक वेळा लिव्हरच्या बोल्टमध्ये असतं. बोल्ट आणि भोक झिजले की लिव्हर खाली लोंबते आणि तारेला तिरकी ओढते. लिव्हरचं टोक चिमटीत धरून वरखाली हलवून बघा. थोडी हालचाल चालते, पण टोक बोटभर वरखाली होत असेल तर भोकात बुश, म्हणजे धातूची छोटी नळी, घालायलाच हवा.

आउटरच्या, म्हणजे तारेवरच्या कवचाच्या, आत मध्येच कुठेतरी तुटली तर त्या जागी आउटर मुडपला आहे किंवा दबला आहे. हँडल पूर्ण वळवल्यावर केबल हेडलाइटच्या डब्यामागे चिमटली जाते का, टाकीखाली कुणी प्लास्टिकच्या पट्टीने करकचून बांधली आहे का, सायलेन्सरच्या बेंडजवळून जाते का, हे बघा. गिअरबॉक्सच्या टोकाला गंजून तुटली असेल तर पाणी आउटरमधून उतरून तळाशी साचतं आहे. आमच्याकडे पावसाळ्यात हे हमखास होतं.

आणि निपल अखंड, तार अखंड, पण निपल तारेवरून निसटून आला असेल, तर निपलचा डाख (सोल्डर) कच्चा होता. माझी चौथी केबल अशीच गेली. तारेचं टोक निपलच्या आत पसरलेलंच नव्हतं, सरळ घालून वर शिशाचा ठिपका दिला होता. अशी केबल हातात घेऊन ओळखता येते. निपलच्या मागच्या बाजूला डाख खोलगट आणि मळकट दिसतो, तारेची पसरलेली टोकं त्यात दिसत नाहीत.

तिसरी केबल दोनच महिन्यांत का गेली

या प्रश्नाने मला सगळ्यात जास्त शिकवलं. दुसऱ्या केबलीनंतर एका दुकानदाराने सुचवलं म्हणून मी लिव्हरही नवी घातली. जुनीचा क्रोम उडाला होता, नवी चकचकीत आणि दिसायला दणकट होती. घातल्यावर क्लच जड लागला. नवी केबल आहे, बसेल हळूहळू, असं स्वतःला समजावलं. पण तो कधी हलका झाला नाही आणि केबल दोन महिन्यांत तुटली.

फिटरकाकांनी दोन्ही लिव्हर टेबलावर ठेवून व्हर्नियर लावला. मोजायचं ते बोल्टच्या भोकाच्या मध्यापासून निपलच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर. जुन्या लिव्हरचं भरलं २२ मिलिमीटर, नवीचं २७. इंग्लिश घडणीच्या जुन्या गाड्यांच्या लिव्हर बहुतेक याच दोन मापांत मिळत आल्या आहेत, पाऊण इंचाहून थोडं जास्त आणि एक इंचाहून थोडं जास्त. बाहेरून त्या सारख्याच दिसतात, हँडलवर सारख्याच बसतात, पण काम वेगळं करतात. अंतर जास्त असेल तर एका दाबात तार जास्त ओढली जाते आणि तेवढाच जोर जास्त लागतो. २७ ला २२ ने भागा, जवळजवळ सव्वापट येतं. क्लच सव्वापट जड झाला होता आणि तार प्रत्येक वेळी सव्वापट लांब ओढली जात होती. शिवाय नव्या लिव्हरचं निपलचं भोक घट्ट होतं, आतल्या कडेला क्रोमची कात राहिली होती.

जुनी लिव्हर मी परत बसवली. आधी तिच्या बोल्टच्या भोकात पितळी बुश घालून घेतला. काकांनी लेथवर बुश काढला, भोक थोडं मोठं करून तो दाबून बसवला आणि बोल्ट सहज फिरेल एवढा आतून रीमर मारला. बोल्टही नवा केला, कारण जुन्याला मध्ये कमरेसारखी झीज होती. ही लिव्हर आता दिसायला जुनाट आहे, क्रोमचे डाग पडले आहेत, पण दोन बोटांनी क्लच दाबला जातो. जुन्या गाडीचा मूळ भाग झिजला म्हणून टाकून देण्याआधी त्याला बुश घालता येतो का हे विचारा, असं मी मनापासून सांगेन. नवा घेणं भागच असेल तर जुना भाग आणि व्हर्नियर दोन्ही बरोबर घेऊन दुकानात जा.

निपलचं भोक आणि एक रेघ

भोकासाठी गोल बारीक कानस आणि चारशे नंबरचा पॉलिश पेपर पुरतो. पेपर काडीला गुंडाळून भोक आतून गुळगुळीत करा. ज्या खाचेतून तार बाहेर येते तिच्या दोन्ही कडा गोल करा, तिथे बोट फिरवल्यावर काही टोचता कामा नये. निपल हाताने घातला की स्वतःच्या वजनाने फिरला पाहिजे. मग भोकात थोडं ग्रीस.

आता खात्री कशी करायची? निपल बसवल्यावर त्याच्या दिसणाऱ्या गोल तोंडावर पांढऱ्या मार्करने एक रेघ ओढा, तारेच्या दिशेला समांतर. सावकाश क्लच दाबा आणि रेघेकडे बघत राहा. लिव्हर फिरेल, पण रेघ तारेच्या दिशेलाच राहिली पाहिजे. रेघ लिव्हरबरोबर वळली तर निपल अडकला आहे, आणि ती केबलही जाणार हे आजच समजून चाला. या चाचणीला अर्धा मिनिट लागतो. मला ती आधी माहीत असती तर तिसरी केबल वाचली असती.

केबल घालण्याआधी तिला तेल पाजायचं. पद्धत जुनीच आहे. केबलच्या वरच्या टोकाभोवती कणकेची छोटी वाटी करा, घट्ट चिकटवा, केबल खुंटीला सरळ टांगा आणि वाटीत इंजिन ऑइल ओता. खाली कागद ठेवा. रात्रभरात तेल खालच्या टोकातून ठिबकू लागतं. जुनी केबल असेल तर आधी याच वाटीतून रॉकेल घालून आतला मळ काढा. ग्रीस आत भरू नका, ते धूळ धरून ठेवतं. डिचोली, मये भागात लाल धूळ रस्त्यावर असतेच, ती ग्रीसमध्ये मिसळली की पॉलिश पेपरसारखं काम करते. आणि घरात हाताशी असतं म्हणून खोबरेल तेल मुळीच नको. ते चोवीस-पंचवीस अंशांखाली गोठतं. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे आमच्याकडे तापमान त्याच्याही खाली जातं, आणि मग सकाळी क्लच परत येताना आळस करतो. काही नव्या केबलींच्या आउटरला आतून प्लास्टिकचं अस्तर असतं. त्यांना तेलाची फारशी गरज नसते, फक्त दोन्ही टोकांना थेंबभर पुरे.

अॅडजस्ट करताना क्रम चुकवू नका

बहुतेक जण फक्त हँडलजवळचा अॅडजस्टर फिरवतात. क्लच पूर्ण सुटत नाही, पिळा. घसरतो, सैल करा. असं करता करता अॅडजस्टर अर्धाअधिक बाहेर येतो, आणि बाहेर लोंबणारा अॅडजस्टर तारेला तिरकं करतो. आधी गिअरबॉक्स, मग हँडल, हाच क्रम.

इंजिन पूर्ण थंड असू द्या. हँडलचा अॅडजस्टर पूर्ण आत फिरवून केबल सैल करा. जुन्या बुलेटच्या गिअरबॉक्सच्या उजव्या कव्हरवर एक लहान झाकण असतं. ते काढलं की आत क्लचचा आर्म, केबलचं खालचं टोक आणि आर्ममधला लॉक नट असलेला स्क्रू दिसतो. हा स्क्रू पुश रॉडला टेकतो. पुश रॉड गिअरबॉक्सच्या शाफ्टमधून आरपार जाऊन डाव्या बाजूच्या क्लच प्लेटांना दाबतो. लॉक नट सैल करा, स्क्रू हलक्या हाताने आत फिरवा. जिथे अडल्यासारखा वाटेल तिथे थांबा आणि अर्धा आटा मागे घ्या. स्क्रू ड्रायव्हरने स्क्रू धरून ठेवून लॉक नट कसा. नट कसताना स्क्रू बरोबर फिरला तर सगळं माप गेलं, पुन्हा पहिल्यापासून करा.

आता हँडलवर या. लिव्हर आणि तिच्या घरातली फट तार ताणायला सुरुवात होण्याआधी २ ते ३ मिलिमीटर उघडली पाहिजे. हाच प्ले. तो अजिबात नसेल तर पुश रॉड सतत दाबलेला राहतो, प्लेटा घसरतात आणि जळतात. घाटात ते लगेच कळतं, इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी चढत नाही. प्ले खूप असेल तर गिअर टाकताना कटकट आवाज येतो आणि सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही. प्ले लावून झाला की हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून पुन्हा मोजा. तिन्ही जागी तो सारखाच राहिला पाहिजे. एका बाजूला कमी होत असेल तर केबलचा मार्ग चुकला आहे, अॅडजस्टर फिरवून तो सुधारणार नाही.

सकाळी पहिल्यांदा गाडी काढताना क्लच दाबूनही गिअर पडताच गाडी झेप घेते, ती तक्रार वेगळी. रात्रभरात प्लेटा तेलाने एकमेकींना चिकटतात. सुरू करण्याआधी क्लच दाबून धरा आणि दोन-तीन किका मारा, प्लेटा सुटतात. त्यासाठी केबल घट्ट करू नका.

आणखी एक. जुन्या बुलेटचे बरेच नट इंची मापाचे असतात. मिलिमीटरचा पाना जवळपास बसतो आणि मग कोपरे गोल करतो. माझ्या गिअरबॉक्सवरचे दोन नट असेच गोल झालेले मिळाले. योग्य पाने आधी जमवा.

डाख स्वतः द्यायचा असेल तर

क्लचच्या केबलला मी देतो, पुढच्या ब्रेकला देत नाही. ब्रेकची केबल खात्रीच्या ठिकाणची, तयार निपलची आणि नवीच घेतो. क्लचसाठी असं करा. तार कापण्याआधी तिथे डाख पाजा, म्हणजे पदर उलगडत नाहीत. कापा, निपल ओवा, टोकाचे पदर छत्रीसारखे उलगडा आणि निपलच्या मागच्या खोलगट भागात ओढून बसवा. मग फ्लक्स लावून लोखंडी पळीत वितळवलेल्या डाखात निपल काही क्षण बुडवा. थेट ज्वाला तारेवर धरू नका, कडक तार तिथे नरम पडते आणि पुढे तिथेच तुटते. फ्लक्स आम्लाचा असेल तर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, नाहीतर गंज आतूनच सुरू होईल. थंड झाल्यावर निपल वाइसमध्ये अडकवा, तारेचं दुसरं टोक दांडक्याला गुंडाळा आणि अंगाचा पूर्ण जोर लावून ओढा. निसटायचा असेल तर तो इथे निसटू दे.

हँडलवरची बाकीची कामं

क्लच दुरुस्त करताना हँडल उघडलंच होतं, म्हणून उजव्या बाजूलाही हात घातला. एक्सिलेटर सोडल्यावर आळसाने परत यायचा. ही तक्रार कधीच अंगावर काढू नका. ग्रिप ओढून काढली तेव्हा खाली हँडलच्या पाइपवर गंजाची खपली होती. आमच्या किनाऱ्याच्या हवेत मीठ असतं आणि रबरी ग्रिपच्या खाली शिरलेलं पावसाचं पाणी बाहेर पडतच नाही. पाइप चारशे आणि मग आठशे नंबरच्या पेपरने साफ केला, फिरणारी नळी आतून पुसली, ग्रीसचा अगदी पातळ हात दिला. जुन्या एक्सिलेटरच्या घराखाली एक छोटा स्क्रू असतो. तो आतली पट्टी दाबून ग्रिप जड करतो, म्हणजे लांबच्या रस्त्यावर हाताला आराम मिळावा. माझ्या गाडीवर तो इतका कसलेला होता की ग्रिप सोडली तरी जागची हलत नव्हती. तो पूर्ण सैल ठेवा. हात निसटला तर एक्सिलेटर आपणहून बंद झालाच पाहिजे.

तपासायचं असं: इंजिन बंद ठेवून ग्रिप पूर्ण फिरवा आणि सोडून द्या. कार्बोरेटरमध्ये स्लाइड बसल्याचा "टक" आवाज स्पष्ट ऐकू आला पाहिजे. नाही आला तर स्लाइड उलटी बसली आहे का, तारेचा निपल स्लाइडच्या खाचेत नीट आहे का, ते बघा. मग इंजिन सुरू करून, गाडी न्यूट्रलमध्ये उभी ठेवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. आवाज जराही चढला तर केबल आखूड आहे किंवा ताणून नेली आहे. वळणावर गाडी आपणहून वेग घेते ती यामुळेच. पर्वरीच्या वाहतुकीत किंवा गावातल्या अरुंद वळणावर हे जिवावर बेतू शकतं.

पुढच्या ब्रेकसाठी माझा नियम कडक आहे: एक पदर तुटलेला दिसला की केबल बदलायची, त्याच दिवशी. ब्रेक लागलेल्या स्थितीत चाकाजवळचा आर्म आणि तार यांच्यात काटकोनाच्या जवळपास कोन असू द्या, तिथे सगळ्यात जास्त जोर मिळतो. कोन फार उघडा झाला असेल तर शू झिजले आहेत, आणि नुसती केबल ओढून घेऊन ब्रेक सुधारणार नाही. लिव्हर पूर्ण दाबल्यावर ती ग्रिपला टेकता कामा नये, मध्ये दोन बोटं मावली पाहिजेत. चाक हवेत उचलून फिरवून बघा, शू घासल्याचा सतत आवाज नको. हबजवळच्या पिनला स्प्लिट पिन आहे ना, तेही पाहा. अनेक गाड्यांवर तिथे तारेचा तुकडा वळवलेला दिसतो.

डीकॉम्प्रेसरची, म्हणजे किक सोपी जावी म्हणून हेडमधला व्हॉल्व्ह उघडणारी, छोटी लिव्हर क्लचच्या शेजारी असते. तिच्या केबलला थोडा सैलपणा हवाच. केबल ताणलेली राहिली की हेडमधला व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो, चुस्स आवाज येतो, किक हलकी लागते आणि गाडी सुरू व्हायला त्रास देते. कार्बोरेटर उघडण्याआधी ही केबल सैल करून बघा. ऐन रस्त्यात इग्निशनच्या चावीने दगा दिला तर इंजिन बंद करायलाही हीच लिव्हर कामाला येते.

हॉर्न आणि डिपरच्या स्विचचे पितळी टेकू साफ केले, हँडलवर जिथे स्विचचं घर बसतं तिथला रंग खरवडून अर्थ चांगला करून घेतला. पावसात हॉर्न आपणहून वाजत असेल तर हेडलाइटच्या डब्यापाशी वायरचं कवच सोललेलं असणार, तिथे बघा.

लिव्हरचा कोनही बघून घ्या. गाडीवर नेहमीसारखे बसा, हात सरळ पुढे करा. मनगट न मोडता बोटं लिव्हरवर पडली पाहिजेत. लिव्हर फार वर असेल तर मनगट मागे मोडतं आणि हलका क्लचही जड वाटतो. मग क्लॅम्प कसा, पण पडल्यावर लिव्हर तुटण्याऐवजी फिरेल इतपतच.

सोबतची केबल

केबल रस्त्यात तुटली तर बुलेट तशीही घरी आणता येते, सपाट रस्ता आणि कमी वाहनं असतील तर. घाटात ते करू नका. मी केलं नाही, गाडी कडेला लावून पावसात वाट बघितली. आता माझ्या टाकीखाली, चालू केबलला लागूनच दुसरी तयार केबल ओढून ठेवलेली आहे. दोन्ही टोकं तेलाच्या कापडात आणि वर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. वेळ आली तर फक्त दोन टोकं बदलायची, टाकी उचलायची गरज नाही. ही सोबतची केबल सैलच बांधा, नाहीतर तीच चालू केबलला दाबेल. गिअरबॉक्सचं झाकण उघडायला लागणारा एक पाना आणि एक स्क्रू ड्रायव्हर पेटीत आहेत.

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधी, भर पावसात, आम्ही पुन्हा चोर्ला घाट चढलो. वर पोचल्यावर मी लिव्हरजवळ मोबाइलचा दिवा धरून सावकाश क्लच दाबला. निपलवरची पांढरी रेघ मळली होती, पण तारेच्या दिशेला सरळ होती. तारेच्या तोंडाशी एकही पदर उभा नव्हता. दर रविवारी मी आता ती रेघ बघतो आणि पुसट झाली की पुन्हा ओढतो.